मैदानावरची मातकट साडी

आमचे हे साठी उलटल्यावरही पहाटे उठून गोल्फ खेळायला जायचे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. ग्वाल्हेरला आमच्या मराठी लोकांत निवृत्त झालेला माणूस देवळात जातो, गणपतीच्या कमिटीत बसतो, नाही तर नव्या बाजारातल्या दुकानाच्या पायरीवर बसून पेपर वाचतो. ह्यांनी यातलं काहीच केलं नाही.

हे पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. तिथे एक साहेब बदलून आले, त्यांना खेळायला जोडीदार नव्हता. ते म्हणाले, "चलो मेरे साथ," आणि हे गेले. साहेबांची बदली झाली तेव्हा ते आपल्या जुन्या काठ्या पिशवीसकट ह्यांना देऊन गेले. मी त्यांना काठ्याच म्हणते. त्यांची खरी नावं ह्यांनी मला पुष्कळदा सांगितली, पण ती माझ्या तोंडात बसली नाहीत.

शेजारी जाऊबाई राहतात. त्या गॅलरीतून विचारायच्या, "काय भावजी, आज किती म्हशी वळल्या?"

हे म्हणायचे, "चार वळल्या, दोन हरवल्या." म्हणजे दोन चेंडू गवतात गेले. मग दोघंही हसायची.

मला ते मैदान माहीत होतं ते ह्यांच्या मोज्यांवरून. मोज्यांत गोखरू अडकलेले असायचे, ते मी दुपारी उन्हात बसून एकेक काढायची. बुटांच्या तळाला काळं तेल लागलेलं असायचं, ते साबणाने निघायचं नाही. आल्यावर हे जेवणाच्या ताटाभोवती वाट्या मांडायचे, चमचा आडवा ठेवायचे आणि सांगायचे, "हा नाला, ही बाभूळ, इथून मारला आणि इथे पडला." मी थालीपीठ उलटत हो हो म्हणायची. चेंडू कुठे पडला यात एवढं काय आहे ते मला कळत नव्हतं. ह्यांचा चेहरा मात्र बघत राहावा असा व्हायचा.

मग ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील, गेलेलं परत येणार नाही. तसंच झालं. हे घरात फिरायचे, जेवायचे, जिना उतरायचे, पण माझा चेहरा बघायचा असला की भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे बघायचे. पायाशी ठेवलेला चेंडू मान कलती करून दिसायचा. तो मारता यायचा, आणि मारलेला बरा बसला की नाही हे आवाजावरून कळायचंही. गेला कुठे ते कळायचं नाही.

खेळताना जोडीला दोघं असायचे, एक निवृत्त सुभेदार आणि एक वकील. सुभेदारसाहेब धिप्पाड आणि बोलके. वकीलसाहेब कमी बोलणारे, त्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तेही बिचारे ह्यांचे चेंडू शोधायचे. पण शोधण्यात सकाळ जायची आणि मागचे लोक खोळंबायचे. कोणी काही बोललं नाही. एक दिवस हेच म्हणाले, "मी थोडे दिवस येत नाही."

तो हिवाळा मला आठवावासा वाटत नाही. हे पाचलाच उठायचे, चहा घ्यायचे आणि पिशवी पुढ्यात घेऊन बसायचे. एकेक काठी काढायची, फडक्याने पुसायची, परत ठेवायची. भूक गेली. बोलणंही गेलं. इंदूरहून मुलीचा फोन आला की "ठीक आहे" म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. मुलगी मला म्हणायची, "आई, बाबांना कशात तरी रमव ना." कशात रमवणार? मी तिळाची गजक आणली, ती कुरकुरीत वडी तशीच डब्यात मऊ झाली.

एक दिवस मी तांदूळ निवडत होते. हे म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे."

"बरी आहे."

"परवा समोरच्या गच्चीवरच्या पतंगावर काय लिहिलंय ते तू वाचलंस."

"मग?"

"मग चल की मैदानावर."

मला वाटलं थट्टा करताहेत. "काहीतरीच काय! बायका जातात का तिथे?"

"कर्नल लोकांच्या बायका जातात. पँट घालून."

"मग कर्नलच्या बायकोला न्या."

हे हसले. अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदा हसले, अगदी पोट हलवून. मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले, पण जायचं हे माझं तिथेच ठरलं होतं.

परक्या पुरुषांसमोर माझा आवाज निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील ह्यांच्या घरच्यांना म्हणाले होते, "आमची मुलगी बोलत नाही, पण ऐकते सगळं." नई सडकेवर कापड घ्यायला गेलं तरी भाव जाऊबाई विचारतात, मी मागे उभी राहून पदराचं टोक चाळवते. मग मैदानावर जायचं तर नेसायचं काय, याचा मी दोन रात्री विचार केला. माझ्याकडे एक मातकट रंगाची सुती साडी होती. तिला काठही जवळजवळ त्याच रंगाचे. ती नेसले. मनात हेच की मातीत माती मिसळून जाईल, कोणाची नजर जाणार नाही.

पडावच्या चौकात वकीलसाहेबांची गाडी यायची. तिथून गावाबाहेर. मी मागच्या सीटवर काठ्यांच्या पिशवीला धरून बसायची.

मैदान म्हणजे मला हिरवळ वाटली होती. तसं काही नव्हतं. उन्हाने पिवळं पडलेलं गवत, बाभळी, करवंदीच्या जाळ्या, मधून गेलेला कोरडा नाला. भोकं होती तिथे वाळूचे मोठे गोल केलेले. वाळू उडू नये म्हणून तिच्यात जळकं तेल मिसळलेलं. ह्यांच्या बुटांना लागायचं ते हेच. त्या गोलावर चेंडू ढकलत भोकात घालायचा आणि झालं की दोरी बांधलेली फळी ओढून वाळू पुन्हा सपाट करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला आपल्या पावलांचा त्रास नको. ते काम मी पहिल्याच दिवशी माझ्याकडे घेतलं. अंगण सारवल्यासारखंच होतं. मधून सुरू करायचं आणि गोल गोल बाहेर यायचं.

चेंडू कुठे गेला ते ह्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. यार्ड, मीटर मला येत नाही. डावं-उजवं सांगितलं तरी किती डावं? मग मी म्हटलं, "असं समजा की तुम्ही आपल्या घराच्या दारात उभे आहात." आमच्या दारातून डावीकडे पिठाची चक्की, उजवीकडे मारुतीचं देऊळ, समोर गल्ली सरळ चौकात निघते. हे त्या गल्लीत जन्मले, तिची पावलं ह्यांच्या पायात आहेत. मी सांगायची, "चक्कीच्या अंगाला, दूधवाल्याच्या थोडं पुढे." हे म्हणायचे, "समजलं," आणि काठी निवडायचे. कधी चेंडू फार छान जायचा, तेव्हा मी म्हणायची, "सरळ चौकात." त्या वेळी ह्यांची मान जी ताठ व्हायची!

मी हे सगळं ह्यांच्या कानाशी जाऊन सांगायची. चेंडू पडायचा ती जागा नीट दिसावी म्हणून मी आधीच पुढे जाऊन झाडाच्या आडोशाला उभी राहायची, बघायची, मग एवढं अंतर चालत परत यायची आणि हळूच सांगायची. सुभेदारसाहेबांना याची गंमत वाटायची. "भाभीजी कान में कौन-सा मंतर फूँकती हैं?" ते विचारायचे. "हमारे भी कान में फूँक दें, हमारी गेंद भी सीधी जाए." मी पदर तोंडाला लावायची. वकीलसाहेब म्हणायचे, "अरे, क्यों परेशान करते हो," आणि गालात हसायचे.

हे सांगायचे, "तिथूनच ओरड की. कशाला हेलपाटे घालतेस?"

मी म्हणायची, "चालण्याने गुडघे मोकळे होतात."

ते दिवस चांगले होते. म्हातारपणी नवराबायकोने रोज बोलावं असं फारसं काही उरत नाही. आमच्याकडे चेंडू होते. घरी आल्यावर ताटाभोवती वाट्या आता मी मांडायची आणि हे म्हणायचे, "नाही, बाभूळ थोडी इकडे घे." जाऊबाई म्हणाल्या, "आता तू पण म्हशी वळायला लागलीस होय!" मी म्हटलं, "हो, आणि माझी एकही हरवत नाही." मी असं उत्तर देईन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दिवशी थोडं धुकं होतं. फार नाही, नाल्यापलीकडचं पुसट दिसेल इतकंच. मी नेहमीसारखी पुढे जाऊन करवंदीच्या जाळीपाशी उभी राहिले. ह्यांनी मारला, चांगला गेला, देवळाच्या अंगाला वळला. मी परत फिरणार तेवढ्यात दुसऱ्या बाजूने खेळणाऱ्या कोणाचा तरी चेंडू आला. आला तो दिसलाही नाही. खांद्याजवळ काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मी खाली बसले. माझ्या तोंडून एकदाच ओरडणं निघालं. ते मी काढलं नाही, ते आपोआप निघालं.

मग सगळीकडून पावलं ऐकू यायला लागली. पलीकडून अनोळखी माणसं धावत येत होती. माझा पदर पडला होता, ब्लाउजचा खांदा उसवला होता आणि उजवा हात उचलवत नव्हता. डाव्या हाताने पदर ओढायचा तर तो जाळीच्या काट्यात अडकलेला. मी जाळीच्या मागे सरकले, अंग चोरून घेतलं. आधी पदर नीट करू आणि मग बाहेर येऊ, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात ह्यांची हाक आली. "अगं!"

मी ऐकली.

"अगं, कुठे आहेस?"

मला एवढंच म्हणायचं होतं की इथे आहे. तोंड उघडलंही होतं. पण त्या माणसांची पावलं अगदी जवळ आली होती आणि पदर निघत नव्हता. मी दात आवळून पदर ओढत राहिले.

हे माझ्याकडे येत नव्हते. हाक दूर चालली होती. ह्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं, पण एकच ओरडणं, त्यावरून दिशा कुठली कळणार? कडेकडेने दिसतं त्यात त्या पिवळ्या मैदानावर मातीच्या रंगाची बाई कशी दिसावी? हे चक्कीच्या बाजूला गेले. मी देवळाच्या बाजूला होते. "अगं, बोल ना! बोल काहीतरी!" असा ह्यांचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग नाल्यात दगड घसरल्याचा आवाज झाला आणि हाक बंद झाली.

तेव्हा मी ओरडले. "अहो!" म्हणून ओरडले, पदर तसाच टाकून. सुभेदारसाहेब जाळीच्या मागे आले आणि आपली शाल माझ्यावर टाकून म्हणाले, "अरे भाभीजी, आवाज़ तो दीजिए! हम कब से ढूँढ रहे हैं!"

ह्यांना वकीलसाहेबांनी नाल्यातून वर आणलं. गुडघे फुटले होते, कपाळाला माती होती. त्या चार-सहा परक्या माणसांसमोर हे लहान मुलासारखे रडत होते. कोणीतरी सांगितलं, "माताजी ठीक हैं, बाबूजी, सामने ही हैं." तरी ह्यांना खरं वाटेना. माझा चांगला हात हातात दिला तेव्हा ह्यांनी तो मनगटापासून बोटांपर्यंत चाचपला, बांगड्या चाचपल्या, मग कुठे थांबले.

गळ्याच्या हाडाला चीर गेली होती. हात गळ्यात बांधला. मुलगी इंदूरहून आली, दोघांना रागावली, स्वयंपाक करून ठेवला आणि गेली. ती गेल्यावर घर शांत झालं तेव्हा हे म्हणाले, "तू बोलली का नाहीस?"

मी खरं सांगितलं. "पदर पडला होता."

ह्यांनी माझ्या गळ्यातल्या पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "बरं."

ह्यांनी रागवायला हवं होतं. आजही मला वाटतं, तेव्हा एकदा कडाडून रागावले असते तर पुढचं सगळं निराळं झालं असतं.

हात मोकळा झाला तशी मी तयारीला लागले. जाऊबाईंना घेऊन नई सडकेवर गेले आणि लाल साडी घेतली. अशी लाल की नव्या नवरीनेही विचार करावा. या वेळी दुकानदाराला मीच सांगितलं, "इससे भी गहरा दिखाइए." जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सुभेदारसाहेबांनी फौजेतली शिट्टी पाठवली. मी गच्चीवर जाऊन ती वाजवून पाहिली, ओरडून पाहिलं. खालच्या बिऱ्हाडातली सून घाबरून वर आली, "काकू, क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, आवाज़ देख रही हूँ."

ह्यांना म्हटलं, "उद्या जाऊ या."

"थंडी आहे."

पुढच्या वेळी म्हटलं, तर "तुझा हात अजून दुखतो."

"हात दुखत नाही."

"मला दुखलेला दिसतो."

"तुम्हाला कुठे दिसतंय काही!" मी म्हणून गेले. हे हसतील असं वाटलं होतं. हे हसले नाहीत.

शेवटी सुभेदारसाहेब घरी आले. खुर्चीत बसले, चहा घेतला, खूप बोलले. "यार, तुम्हारे बिना मज़ा नहीं आता. भाभीजी पेड़ के पीछे रहेंगी, मैं खुद साथ खड़ा रहूँगा. फौजी का वचन."

हे शांतपणे म्हणाले, "साहब, वो पिशवी ले जाइए. किसी के काम आएगी."

"क्या बात करते हो!"

"ले जाइए. यहाँ धूल खा रही है."

मी दारात उभी होते. मी पुढे आले आणि सुभेदारसाहेबांसमोर, डोक्यावर पदर न घेता, मोठ्याने म्हणाले, "नहीं ले जाना. हम जाएँगे. मैं बोलूँगी वहाँ, चिल्लाऊँगी, सब करूँगी. नहीं ले जाना." माझा आवाज घरभर झाला. सुभेदारसाहेब उठून उभे राहिले आणि कधी माझ्याकडे, कधी ह्यांच्याकडे बघायला लागले.

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "अगं, तू ओरडशील हे मला माहीत आहे. भीती त्याची नाही."

"मग कशाची?"

"मी एका चेंडूसाठी तुला पुढे उभं केलं होतं. त्या नाल्यात पडलो तेव्हा मला वाटलं, तू गेलीस आणि कुठे गेलीस ते मला दिसलंही नाही. आता काठी हातात घेतली की मला तेच ऐकू येईल. चेंडूचा आवाज ऐकू येणार नाही."

मी दाराच्या वाटेतून बाजूला झाले.

सुभेदारसाहेब पिशवी घेऊन गेले. जिना उतरताना काठ्या एकमेकींवर आपटत होत्या, तेवढा आवाज खालपर्यंत ऐकू आला. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. लाल साडी कपाटात घडी न मोडता आहे. जाऊबाई म्हणतात, कोणाच्या लग्नात नेस. मी हो म्हणते.

आता हे घराबाहेर फारसे जात नाहीत. मी स्वयंपाकघरात असले तरी थोड्या थोड्या वेळाने हाक येते, "अगं!" मी म्हणते, "आहे." कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की तिथूनही म्हणते. मोठ्याने म्हणते, खाली सडकेवरचा सब्जीवालाही वर बघतो. कोणी बघितलं तरी मी म्हणते. पण एकदा म्हणून भागत नाही. हे थोडा वेळ थांबतात आणि पुन्हा हाक मारतात, जणू मधल्या वेळात मी नाहीशी झाले असेन.

पाचला जाग मात्र अजून येते, दोघांनाही. मी चहा करते. जायचं कुठेच नसतं, म्हणून चहा हळूहळू संपवतो. आज सकाळी हे म्हणाले, "बाहेर वारा आहे का बघ."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. "नाही."

"धुकं?"

"तेही नाही. समोरची गच्ची स्वच्छ दिसतेय."

"चांगला दिवस आहे," हे म्हणाले आणि कप खाली ठेवायला स्टूल चाचपू लागले. मी कप हातातून घेतला.